भाजलेल्या जखमा आणि संप्रेरकांवर आधारित औषधे : निर्णय घ्यायचा आहे, जाणकारांनी कृपया लिहावे

सांजवेळ

नमस्कार. माझे धाकटे दीर पाच आठवड्यांपूर्वी कामाच्या ठिकाणी लागलेल्या आगीत भाजले. त्यांचे वय ३४ आहे. डॉक्टरांच्या मोजणीनुसार शरीराचा ४२ टक्के पृष्ठभाग भाजला असून त्यातला बराचसा भाग खोलवर भाजलेला आहे. पहिल्याच आठवड्यात मृत त्वचा काढण्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर दोनदा त्वचारोपण झाले. पाठीवरचे रोपण चांगले धरले आहे. काळजी आहे ती मांडीची. रोपणासाठी जिथून त्वचेचा पातळ थर काढला, ती जागा दोन आठवड्यांत सुकेल असे आम्हाला सांगितले होते. आज एकविसावा दिवस आहे, आणि अजूनही ड्रेसिंग सोडताना आतल्या जाळीला ओले, लालसर ठिपके चिकटून येतात.

त्यांची तब्येत आमच्या डोळ्यांदेखत उतरली. रक्तदाब मोजण्याचा पट्टा आता दंडाभोवती जवळजवळ दोन वेढे घेतो. झोपेत असतानाही नाडीचे ठोके १२५ च्या खाली येत नाहीत. त्यांना मधुमेह कधीच नव्हता, तरी दुसऱ्या दिवसापासून इन्सुलिन सुरू आहे. आता डॉक्टरांनी ऑक्सँड्रोलोन नावाच्या गोळ्या सुचवल्या आहेत. ते ॲनाबॉलिक स्टिरॉइड आहे, म्हणजे पुरुषी संप्रेरकाच्या धर्तीवर प्रयोगशाळेत बनवलेले औषध आहे, असे त्यांनी समजावून सांगितले आणि संमतीसाठी आम्हाला दोन दिवस दिले.

घरात यावरून एकमत होत नाही. माझ्या सासऱ्यांनी दम्यासाठी कित्येक वर्षे स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या. त्यांच्या हाताची कातडी कागदासारखी पातळ झाली आहे आणि साधे खरचटले तरी महिनाभर भरून येत नाही. "स्टिरॉइडने जखम भरत नाही, उलट चिघळते, हे मी माझ्या अंगावर पाहतो आहे," असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते खोटे आहे असे मला म्हणता येत नाही. मग जखम भरण्यासाठी स्टिरॉइड कसे काय देतात? इन्सुलिनचा याच्याशी काही संबंध आहे का? ज्यांनी हे उपचार दिले किंवा घेतले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निरंतर

मी गेली अनेक वर्षे जळीत विभागात काम करतो. रुग्णाला न पाहता औषध घ्यावे की घेऊ नये हे मी सांगणार नाही. मात्र डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडेल अशी पार्श्वभूमी नक्की देऊ शकतो.

आपल्या सासऱ्यांचे निरीक्षण अचूक आहे आणि डॉक्टरांची सूचनाही निराधार नाही. दोघांच्या तोंडी शब्द एकच असला तरी औषधे वेगळी आहेत. चार कड्या एकमेकींना जोडलेली एक रासायनिक चौकट असते, तिला स्टिरॉइड म्हणतात. त्या चौकटीवर आपले शरीर कॉर्टिसोल हे ताणाच्या वेळचे संप्रेरक बनवते आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरकही बनवते. दम्यात दिले जाणारे प्रेडनिसोलोन हे कॉर्टिसोलच्या घराण्यातले. ते दाह शमवते, पण त्वचेला बळकटी देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाची निर्मिती मंदावते, त्वचा पातळ करते आणि स्नायू झिजवते. ऑक्सँड्रोलोन टेस्टोस्टेरॉनच्या घराण्यातले आहे आणि ते स्नायूंमध्ये प्रथिने बांधायला लावते. भाजलेल्या रुग्णाच्या बाबतीत तर या दोन घराण्यांची कामे थेट एकमेकांविरुद्ध चाललेली असतात.

मोठ्या प्रमाणावर भाजल्यावर शरीर जो प्रतिसाद देते, तो इतर कोणत्याही दुखापतीपेक्षा तीव्र आणि दीर्घ असतो. ॲड्रिनॅलिनच्या गटातली संप्रेरके, कॉर्टिसोल आणि साखर वाढवणारे ग्लुकॅगॉन यांची रक्तातली पातळी कित्येक पटींनी वाढते. दुसरीकडे टेस्टोस्टेरॉन, तसेच वाढीच्या संप्रेरकाच्या हुकमाने यकृतात तयार होणारा आयजीएफ-१ हा घटक, हे दोन्ही खाली येतात. बांधणारे हात कमी होतात आणि मोडणारे वाढतात. ४० टक्क्यांहून अधिक भाजलेल्या माणसाचा विश्रांतीतला ऊर्जाखर्च नेहमीच्या दुपटीच्या आसपास जाऊ शकतो. म्हणजे माणूस खाटेवर निश्चल पडलेला असतो आणि त्याचे शरीर मात्र रात्रंदिवस धावत असते. झोपेतली १२५ ची नाडी हे त्याचेच चिन्ह आहे.

ही ऊर्जा आणि जखमेला लागणारी प्रथिने येतात कुठून? स्नायूंतून. स्नायू मोडून निघालेली अमिनो आम्ले यकृताकडे जातात आणि तिथे त्यांची साखर बनते. त्याच वेळी शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते, म्हणून मधुमेह नसलेल्या माणसाचीही साखर चढते. चरबी वगळून शरीराचे जे वजन उरते, त्यातले सुमारे १० टक्के गेले की प्रतिकारशक्ती ढासळते, २० टक्के गेले की जखमा भरण्याचा वेग मंदावतो, ३० टक्क्यांना रुग्णाला धड बसता येत नाही आणि अंगाला खाटेचे व्रण पडू लागतात, आणि ४० टक्क्यांच्या आसपास मृत्यू ओढवतो, बहुधा न्यूमोनियाने. सुरुवातीच्या काळात शरीर उरलेल्या सगळ्या अवयवांच्या पोटाला चिमटा काढून जखमेला पुरवठा करते. झीज वाढत गेली की जखमेचा हा अग्रक्रम संपतो. आपल्या दिरांच्या दंडाला पट्ट्याचे दोन वेढे बसतात ही गोष्ट आणि मांडी सुकत नाही ही गोष्ट या दोन वेगळ्या तक्रारी नसाव्यात. अर्थात त्याआधी मांडीच्या जागेत जंतुसंसर्ग झालेला नाही, याची खात्री करून घ्यावी. ड्रेसिंगला हिरवट डाग किंवा दुर्गंध असेल, जागा पूर्वीपेक्षा खोल झालेली दिसत असेल, तर आधी त्याचा विचार करावा लागतो.

त्वचा जिथून काढतात त्या जागेबद्दल थोडे अधिक लिहितो. या जखमेची खोली शस्त्रक्रियेच्या उपकरणावर ठरवलेली असते. तिच्या कडा स्वच्छ असतात, तिची तारीख माहीत असते. आगीने केलेल्या दोन जखमा कधीही सारख्या नसतात, पण या जखमा बऱ्याच अंशी सारख्या असतात. म्हणून संप्रेरकांवरच्या बहुतेक अभ्यासांत "ही जागा किती दिवसांत त्वचेने झाकली गेली" हेच मोजलेले आढळते. अमेरिकेत डेमलिंग आणि ऑर्गिल यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या छोट्या अभ्यासात ऑक्सँड्रोलोन घेणाऱ्यांची ही जागा सरासरी ९ दिवसांत भरली आणि न घेणाऱ्यांची १३ दिवसांत. त्यानंतर २००६ साली वुल्फ आणि सहकाऱ्यांचा अनेक जळीत केंद्रांत मिळून केलेला अभ्यास आला. २० ते ६० टक्के भाजलेले ८१ रुग्ण, निम्म्याहून थोड्या अधिक जणांना रोज दोनदा १० मिलिग्रॅम ऑक्सँड्रोलोन आणि उरलेल्यांना औषध नसलेली गोळी. रुग्णालयातला मुक्काम सरासरी ४३.३ दिवसांवरून ३१.६ दिवसांवर आला. फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास मध्यावरच थांबवला गेला. त्याच अभ्यासात औषध घेणाऱ्यांच्या यकृताच्या तपासण्या अधिक बिघडल्या, हेही नोंदलेले आहे.

इन्सुलिनचा संबंध आहे, आणि तो केवळ साखरेपुरता नाही. इन्सुलिन हेही बांधणारे संप्रेरक आहे. ते स्नायूंमध्ये प्रथिने राखायला मदत करते. एके काळी अतिदक्षता विभागात साखर अगदी निरोगी माणसाइतकी खाली ठेवण्याचा आग्रह असे. २००९ च्या नाइस-शुगर या सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात, साखर ८१ ते १०८ च्या दरम्यान आवळून ठेवलेल्या गटात २७.५ टक्के मृत्यू झाले आणि १८० पर्यंत चालू दिलेल्या गटात २४.९ टक्के. तेव्हापासून तो आग्रह सैल झाला. म्हणून परिचारिका वारंवार बोटाला सुई टोचून साखर पाहत असतील, तर त्रागा करू नये. भाजलेल्या रुग्णात साखर एकाएकी उतरणे हा मोठा धोका असतो.

जिज्ञासू

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण त्यात एक महत्त्वाची गोष्ट आलेली नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २०२३ साली ऑक्सँड्रोलोनची मान्यता काढून घेतली. ज्या देशात यावर सर्वाधिक संशोधन झाले, तिथेच हे औषध बाजारातून गेले असेल, तर सामान्य कुटुंबाने त्याला संमती का द्यावी?

दुसरा मुद्दा संप्रेरकांच्या एकूण इतिहासाचा. वाढीच्या संप्रेरकाबद्दलही असेच उत्साहाने बोलले जात होते. १९९९ साली टकाला आणि सहकाऱ्यांनी अतिदक्षता विभागातल्या प्रौढ रुग्णांवरचे दोन अभ्यास एकत्र प्रसिद्ध केले. फिनलंडमधल्या अभ्यासात वाढीचे संप्रेरक दिलेल्यांपैकी ३९ टक्के रुग्ण दगावले आणि न दिलेल्यांपैकी २० टक्के. दुसऱ्या, अनेक देशांतल्या अभ्यासात हेच आकडे ४४ आणि १८ होते. स्नायू वाचवायला दिलेल्या औषधाने मृत्यू दुप्पट झाले. आजारी शरीर जे करते आहे त्यात ढवळाढवळ करताना आपण फार सावध असले पाहिजे, एवढेच मला म्हणायचे आहे. ८१ रुग्णांचा अर्ध्यावर थांबवलेला अभ्यास मला पुरेसा वाटत नाही. लवकर थांबवलेल्या अभ्यासात फायदा प्रत्यक्षापेक्षा मोठा दिसण्याची शक्यता असते.

निरंतर

जिज्ञासू, आपले दोन्ही मुद्दे योग्य आहेत आणि ते मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवे होते.

ऑक्सँड्रोलोन अमेरिकेत १९६४ सालापासून होते. शस्त्रक्रिया, दीर्घ संसर्ग किंवा गंभीर दुखापत यांनंतर घटलेले वजन वाढवण्यासाठी त्याला मान्यता होती. जळीत विभागांत ते वापरले जात होते ते याच आधारावर आणि जळीत रुग्णांवरच्या अभ्यासांच्या बळावर. २०२३ मध्ये मान्यता काढताना यकृतातल्या रक्ताने भरलेल्या पोकळ्या, यकृताच्या गाठी आणि रक्तातल्या चरबीचे बिघडलेले प्रमाण हे धोके पुढे केले गेले, आणि मूळ उपयोगासाठी परिणामकारकतेचा पुरेसा पुरावा नाही असेही म्हटले गेले. त्या वेळी जळीत रुग्णांवर एखादा नवा, उलटा निष्कर्ष देणारा अभ्यास पुढे आलेला नव्हता. म्हणून अनेक जळीत तज्ज्ञांना हा निर्णय खटकला, आणि त्यांच्यात मीही आहे. पण कुटुंबाला ही गोष्ट ठाऊक असणे हा त्यांचा हक्क आहे. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी "हे औषध आपल्याकडे कोणत्या मान्यतेवर मिळते आणि कोणत्या कंपनीचे येते" हे सरळ विचारावे. त्यात डॉक्टरांचा अवमान होत नाही.

वाढीच्या संप्रेरकाच्या त्या दोन अभ्यासांत हृदयाची किंवा पोटाची शस्त्रक्रिया झालेले, अनेक ठिकाणी जबर मार लागलेले आणि श्वसन निकामी झालेले रुग्ण होते. भाजलेले रुग्ण त्यांत घेतलेले नव्हते. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने भाजलेल्यांवरच्या अभ्यासांचा केलेला आढावा २०१४ मध्ये अद्ययावत झाला. त्यात १३ अभ्यास आणि ७०१ रुग्ण होते. ४० टक्क्यांहून अधिक भाजलेल्यांत जखमा आणि त्वचा काढलेली जागा लवकर भरते, मुक्काम कमी होतो, मृत्यू वाढल्याचे दिसत नाही, पण रक्तातली साखर निश्चित वाढते, असे त्याचे सार होते. तरीही १९९९ च्या आकड्यांनंतर प्रौढांना हे संप्रेरक देताना बहुतेकांचा हात आखडतो, आणि तो आखडावा असेच माझेही मत आहे.

लवकर थांबवलेल्या अभ्यासाबद्दल आपण म्हणता ते मान्य. ऑक्सँड्रोलोन मृत्यू टाळते असा दावा मी कुठेच करणार नाही. ते झीज कमी करते, हे पुष्कळ अभ्यासांत सारखेपणाने दिसले आहे, आणि जखमेवरचा परिणाम त्या वाटेने येतो. हे औषध जखमेला थेट भरत नाही. मृत त्वचा अंगावर तशीच असेल, रोपणाला उशीर झाला असेल किंवा पोटात पुरेसे अन्न जात नसेल, तर कोणतेही संप्रेरक देऊन काहीही साधत नाही.

मात्रा

मी औषधनिर्माणशास्त्रात काम करते. ऑक्सँड्रोलोन तोंडाने घेता यावे म्हणून त्याच्या रेणूत असा बदल केलेला आहे की यकृताला ते चटकन मोडता येत नाही. सोय आणि धोका, दोन्ही त्या एकाच बदलातून येतात. म्हणून गोळ्या सुरू करण्यापूर्वी एसजीओटी, एसजीपीटी आणि बिलिरुबिन या यकृताच्या रक्ततपासण्यांचे आकडे पाहून ठेवावेत आणि नंतर ठरावीक दिवसांनी पुन्हा पाहावे. मोठ्या जळीतानंतर यकृत आधीच सुजलेले आणि चरबीने भरलेले असू शकते, म्हणून सुरुवातीचा आकडा हातात नसेल तर पुढची वाढ औषधाने झाली की आजाराने, हे सांगता येत नाही.

रक्त पातळ करणारे वॉरफॅरिन चालू असेल, तर हे औषध त्याचा परिणाम फार मोठ्या प्रमाणात वाढवते. वॉरफॅरिनची मात्रा मोठ्या फरकाने खाली आणावी लागते, अन्यथा रक्तस्राव होतो. गर्भवतींना हे औषध देत नाहीत. प्रोस्टेटचा किंवा पुरुषांमधला स्तनाचा कर्करोग असेल तरीही देत नाहीत.

आणखी एक कळकळीची विनंती. याच गटातली औषधे शरीरसौष्ठवाच्या नादात चोरट्या मार्गाने विकली जातात. रुग्णालयात गोळी मिळत नाही म्हणून कोणी ओळखीतून आणून देऊ लागले, तर कृपया घेऊ नका. त्या पाकिटात वेगळेच औषध किंवा वेगळीच मात्रा असू शकते, आणि यकृत आधीच दुखावलेल्या माणसावर असा प्रयोग करण्यासारखी दुसरी मोठी चूक नाही.

पाऊलवाट

मी हा धागा दोनदा वाचला आणि मग लिहायचे ठरवले. काही वर्षांपूर्वी मी ५० टक्क्यांहून अधिक भाजले होते. ऑक्सँड्रोलोन रुग्णालयात सुरू झाले आणि घरी आल्यावरही काही महिने चालू होते.

त्या काळातली एक गोष्ट मला स्पष्ट आठवते. फिजिओथेरपीच्या ताई मला खाटेच्या कडेला बसवत आणि हात न टेकता उभे राहायला सांगत. सातव्या आठवड्यात मांड्या थरथरत आणि मी पुन्हा खाली बसत असे. दहाव्या आठवड्यात मी सलग पाच वेळा उभी राहिले. यात गोळीचा वाटा किती, नळीतून रात्रभर चालणाऱ्या आहाराचा किती आणि ताईंच्या चिकाटीचा किती, हे वेगळे काढता येणार नाही. पण गोळी घेऊन पडून राहिले असते तर हे झाले नसते, याबद्दल मला शंका नाही.

आता जे मला आधी कोणी सांगितले नव्हते ते लिहिते. तिसऱ्या महिन्यात माझा आवाज घोगरा झाला. फोनवर माझ्या बहिणीने मला ओळखले नाही. हनुवटीवर राठ केस आले आणि पाळी बंद झाली, अर्थात पाळी तशी अपघातानंतरही अनियमितच होती. औषध थांबवल्यावर पाळी परतली आणि केस कमी झाले, पण आवाज पूर्वीसारखा झाला नाही. माझा जीव वाचला, मी चालते, स्वयंपाक करते, आणि उपचारांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती न सांगण्याबद्दल. स्त्रीला हे औषध देताना आवाजात बदल दिसताच ते थांबवण्याबद्दल आधीच बोलणे झाले पाहिजे, कारण वेळेवर थांबवले नाही तर तो बदल कायमचा होऊ शकतो. मी दोन आठवडे घसा बसला आहे असे समजून गरम पाण्याच्या गुळण्या करत राहिले. तेवढ्यात कोणी विचारले असते तर बरे झाले असते.

ओंजळ

मी आहारतज्ज्ञ आहे. वरच्या चर्चेत आहार ओझरता आला, म्हणून थोडक्यात लिहिते. प्रौढ जळीत रुग्णाला रोज प्रत्येक किलो वजनामागे दीड ते दोन ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे निरोगी माणसाच्या गरजेच्या जवळपास दुप्पट. बांधणारे औषध दिले आणि बांधायला विटाच पुरवल्या नाहीत, तर औषध करणार काय? सांजवेळ, आपण एक गोष्ट अवश्य तपासा. ठरवून दिलेला आहार आणि प्रत्यक्ष पोटात गेलेला आहार यांत मोठी तफावत पडते, कारण प्रत्येक शस्त्रक्रियेपूर्वी आणि कित्येकदा ड्रेसिंगपूर्वीही नळी बंद ठेवतात. मागच्या सात दिवसांच्या नोंदीतले प्रत्यक्ष आकडे मागून घ्या.

युरोपातल्या ईस्पेन या पोषणविषयक संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत झीज रोखण्यासाठी औषधांच्या जोडीने खोलीचे तापमान २८ ते ३० अंशांवर ठेवण्यास सांगितले आहे. त्वचा नसलेल्या अंगातून उष्णता सतत निसटते आणि ती भरून काढायला शरीर स्नायू जाळते. भेटायला येणाऱ्यांना उकडते म्हणून खोली थंड करू देऊ नका.

चाफा

माझी सहा वर्षांची मुलगी चार महिन्यांपूर्वी भाजली, सुमारे ४५ टक्के. जखमा भरल्या आहेत, पण अपघातानंतर तिची उंची जवळजवळ वाढलेली नाही. डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलोल चालू ठेवले आहे आणि संप्रेरकांबद्दल "नंतर पाहू" असे म्हणाले. रक्तदाबाचे औषध मुलीला कशासाठी, हे मला आजपर्यंत नीट कळलेले नाही. जखमा भरल्यावर या सगळ्याची गरज उरते का?

निरंतर

चाफा ताई, उरते. जखम बंद झाली म्हणजे आतला वणवा विझला असे होत नाही. मोठ्या जळीतानंतर तो एक-दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ धुमसतो. मुलांची उंची या काळात खुंटते हे जुने निरीक्षण आहे.

प्रोप्रॅनोलोल स्वतः संप्रेरक नाही, ते ॲड्रिनॅलिनचा हुकूम पेशींपर्यंत पोहोचू देत नाही. अमेरिकेत गॅल्व्हेस्टनच्या जळीत केंद्रात हर्नडन आणि सहकाऱ्यांनी २००१ साली भाजलेल्या २५ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नाडीचा वेग सुमारे २० टक्क्यांनी खाली येईल अशा बेताने औषध दिले, तेव्हा मुलांचा ऊर्जाखर्च उतरला आणि स्नायूंची झीज थांबली. त्याच केंद्रात मुलांना वर्षभर ऑक्सँड्रोलोन देऊन पुढे पाच वर्षे पाठपुरावा केला गेला आणि हाडांची घनता व उंची यांत फायदा दिसला. मुलांसाठी त्याची मात्रा प्रत्येक किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, अशी असते. वाढीचे संप्रेरक मुलांत प्रौढांपेक्षा अधिक वापरले गेले आहे, पण साखरेवर लक्ष ठेवावे लागते आणि रोज इंजेक्शन द्यावे लागते. "नंतर पाहू" याचा अर्थ "कधी आणि काय पाहून ठरवू" असा विचारून घ्या. दर भेटीला उंची, वजन आणि वर्षातून एकदा हाडांचे वय यांची नोंद ठेवा. प्रोप्रॅनोलोल मनाने अचानक बंद करू नका, आणि मुलगी जेवली नसेल त्या दिवशी ते देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, कारण उपाशीपोटी साखर उतरू शकते.

आडवाट

विषयाला धरूनच एक छोटा प्रश्न. उकळत्या तेलाचे थेंब पडून माझ्या हाताच्या पंजावर फोड आले आहेत. घरात त्वचारोगासाठी दिलेले स्टिरॉइडचे मलम आहे. ते किंवा संप्रेरक असलेले दुसरे एखादे मलम लावल्याने जखम लवकर भरेल का?

निरंतर

लावू नका. घरातले मलम कॉर्टिसोलच्या घराण्यातले आहे. उघड्या जखमेवर ते भरण्याचा वेग कमी करते आणि संसर्गाला वाट देते. एवढ्या लहान जळीतात वर वर्णिलेली झीज होतच नाही, म्हणून संप्रेरकांचा प्रश्नच येत नाही. भाजल्यापासून तीन तास झाले नसतील, तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे हात धरा, बर्फ लावू नका, फोड फोडू नका. पंजा आणि बोटांवरचे सांधे भाजले असतील, तर जखम लहान असली तरी डॉक्टरांना दाखवा.

जखमेवर लावण्याच्या औषधांत संशोधन झाले ते मुख्यतः वाढीच्या घटकांवर. ते संप्रेरकांचे जवळचे नातलग, पण रक्तातून दूरवर जाण्याऐवजी जागच्या जागी काम करतात. १९८९ साली १२ रुग्णांच्या त्वचा काढलेल्या जागांवर ईजीएफ हा घटक मलमात मिसळून लावला गेला, तेव्हा जागा सरासरी दीड दिवस लवकर भरली. रुग्णाची स्वतःची त्वचा कमी उरली असेल आणि त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा थर काढावा लागत असेल, तेव्हा दीड दिवस मोलाचा असतो. पंजावरच्या चार फोडांसाठी नाही.

सांजवेळ यांच्या सासऱ्यांसाठी एक जोड. कॉर्टिसोलच्या घराण्यालाही जळीत उपचारांत जागा आहे, पण पुढे. जखम भरून काही महिन्यांनी व्रण जाड, लाल आणि खाजरा झाला, तर त्यात ट्रायमसिनोलोनचे इंजेक्शन देतात. कोलॅजेन अडवण्याचा त्याचा जो गुण उघड्या जखमेत घातक ठरतो, तोच तिथे कामी येतो.

सांजवेळ

सर्वांचे मनापासून आभार. आपले प्रतिसाद मी सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवले. "दोन घराणी" हे त्यांना चटकन पटले आणि शेवटची जोड ऐकून ते बराच वेळ आपल्या हाताकडे पाहत राहिले.

काल डॉक्टरांशी तासभर बोलणे झाले. मांडीचा नमुना तपासला होता, त्यात संसर्ग आढळला नाही. एसजीपीटी मात्र आधीच सामान्य मर्यादेच्या तिपटीवर आहे. ते पाहून ऑक्सँड्रोलोन तूर्त सुरू न करता प्रोप्रॅनोलोल सुरू करायचे आणि यकृताची तपासणी सुधारली तर गोळीचा पुन्हा विचार करायचा, असे डॉक्टरांनीच सुचवले. २०२३ च्या निर्णयाबद्दल मी विचारले. त्यांना ठाऊक होते आणि त्यांनी न टाळता उत्तर दिले. आवाजाबद्दल विचारले तेव्हा म्हणाले की पुरुष रुग्णात हा प्रश्न येत नाही, पण स्त्रियांच्या संमतीपत्रात ते आता हे लिहितात. पाऊलवाट, हे मुद्दाम आपल्यासाठी नोंदवते.

ओंजळ, आपण सांगितल्याप्रमाणे सात दिवसांचे आकडे मागितले. ठरवलेल्या प्रथिनांपैकी जेमतेम साठ टक्के पोटात गेली होती, कारण त्या आठवड्यात नळी चार वेळा बंद ठेवली होती. आता ड्रेसिंगपूर्वी ती बंद ठेवण्याची वेळ कमी केली आहे आणि रात्रीचा वेग वाढवला आहे.

आज सकाळी ड्रेसिंगच्या वेळी मी आत होते. परिचारिकांनी जाळीची वरची कड उचलली, तर तिथे दोन बोटे रुंदीची कोरडी, गुलाबी पट्टी दिसली. खालचा भाग अजून ओला आहे. झोपेतली नाडी काल रात्री ११२ होती. यकृताची पुढची तपासणी सोमवारी आहे, आकडा आला की इथेच लिहीन.